वरचे शहर, खालची वस्ती

व्हिडिओ गेम म्हटले की घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "अजून पाचच मिनिटे!" आणि आई म्हणते, "डोळे जातील मेल्या, अभ्यासाला बस!" आईचे खोटे नाही. पण त्या खेळात गोष्ट कोणती सांगितली आहे, हे आपण कधी विचारतो का? नाटक-सिनेमा पाहून आल्यावर आपण चार दिवस त्यावर बोलतो. मग आपली मुले ज्याच्यापुढे तासन् तास बसतात, त्याची चौकशी का करू नये? म्हणून आज एका जपानी खेळाविषयी लिहीत आहे. त्याची गोष्ट कष्टकऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे.

खेळाचे नाव 'फायनल फँटसी सेव्हन'. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो ३१ जानेवारी १९९७ रोजी बाजारात आणला. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची आणि कादंबरीसारखी लांबलचक कथा पार करायची, असा हा प्रकार. त्याची आखणी १९९४ साली सुरू झाली. तोवर असे खेळ कॅसेटवर निघत. टीव्हीला यंत्र जोडून त्यात कॅसेट खोचायची, हे त्या काळातल्या मुलांना चांगले आठवत असेल. पण या खेळाचा पसारा कॅसेटमध्ये मावणारा नव्हता. म्हणून स्क्वेअरने निन्टेन्डो कंपनीची जुनी सोबत सोडली आणि सीडीवर चालणारे सोनीचे प्लेस्टेशन यंत्र धरले. तरीसुद्धा खेळाला तीन सीडी लागल्या! निर्माते हिरोनोबू साकागुची, दिग्दर्शक योशिनोरी कितासे, पात्रे रेखाटणारे तेत्सुया नोमुरा, संगीतकार नोबुओ उएमात्सु आणि त्यांच्याबरोबर शंभराहून अधिक माणसे या कामावर होती. पुढे या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आता गोष्ट ऐका. मिडगार नावाचे मोठे शहर आहे. खांबांवर पोलादाची अवाढव्य तबकडी उभारली आहे. तिच्यावर रुंद रस्ते, कचेऱ्या, साहेब लोकांची घरे. तिच्याखाली झोपडपट्टी. खालच्या माणसाला डोक्यावर आकाश नाही, वरच्या शहराचा तळ आहे. वर-खाली जायला आगगाडी आहे आणि गाडीतच प्रवाशांची ओळख तपासणारे यंत्र आहे. या शहरावर सत्ता शिन्रा नावाच्या वीज कंपनीची. जमिनीच्या पोटातली जीवनशक्ती उपसून ती वीज करते. उजेड वर पडतो, जमीन मात्र मरत जाते.

या कंपनीविरुद्ध उठलेला एक माणूस म्हणजे बॅरेट. तो कोळसा खाणीच्या गावचा. कंपनीने गावात वीज केंद्र आणले, तेव्हा गावाचे भले होईल म्हणून बॅरेटने स्वतः त्याला पाठिंबा दिला होता. पुढे केंद्रात स्फोट झाला आणि कंपनीच्या शिपायांनी गावच जाळून टाकले. बॅरेटचा एक हात गेला, मित्राची तान्ही मुलगी तेवढी त्याने उचलून आणली व बाप होऊन वाढवली. अशा काही जणांचा गट कंपनीशी लढतो. त्यांना चिरडण्यासाठी कंपनी काय करते? एका वस्तीवरची तबकडीच खाली पाडते! चार-पाच माणसांना मारण्यासाठी हजारोंची घरे गाडली जातात.

पण १९९७ च्या खेळात या वस्तीतली माणसे कशी दिसत? ठोकळ्यांची बाहुली जशी. आवाज कुणालाच नव्हता, संवाद पडद्यावर वाचावे लागत. वस्तीतला माणूस दोन वाक्ये बोले आणि बाजूला होई. वस्ती गाडली गेली तेव्हा खेळणारा हळहळला, पण नेमके कोण गेले, हे त्याला फारसे ठाऊक नव्हते.

स्क्वेअर ही कंपनी २००३ साली एनिक्स कंपनीत मिसळून स्क्वेअर एनिक्स झाली. चाहते जुना खेळ नव्याने करण्याची मागणी करत राहिले. २००५ मध्ये त्यांना नमुन्याची एक झलक दाखवली गेली, २०१५ मध्ये घोषणा झाली आणि १० एप्रिल २०२० रोजी 'रिमेक' आला. कथा एकूण तीन भागांत सांगायचे ठरले. दुसरा भाग २९ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. पहिला भाग फक्त मिडगार शहराचा आहे. जुन्या खेळात काही तासांत संपणारे हे प्रकरण नव्यात तीसएक तास चालते.

एवढे तास कशात जातात? मारामारी आहेच. पण महत्त्वाची भर पडली ती खालच्या वस्तीत. आता तिथे बाजार आहे, मुले आहेत, अनाथांचे घर आहे, वस्तीची राखण करणारी तरुण मंडळी आहेत. नायक क्लाउडला वस्तीत मिळणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे घरोघरी पाणी गाळायचे फिल्टर बदलून पैसे गोळा करणे. पाण्याची किंमत आम्हा विरारकरांना दुसऱ्याने सांगायला नको! गटातली जेसी पूर्वी थोडीशीच भेटे. आता तिच्या घरी जाता येते. तिचा बाप कंपनीचाच कामगार, अतिश्रमाने कामावरच कोसळला आणि विषबाधेने अंथरुणाला खिळला. ती का लढते, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

लढणाऱ्यांनाही नव्या खेळाने सोडलेले नाही. वीज केंद्रात स्फोट घडवून गट बाहेर पडतो, तेव्हा भेदरलेली, जखमी माणसे, कोसळलेले रस्ते यांतून क्लाउडला चालावे लागते. आपल्या कृतीची झळ कुणाला लागली, हे पाहावे लागते. आणि तबकडी पडण्याआधी वस्तीतले लोक शेजाऱ्यांना ओढून बाहेर काढताना दिसतात.

तेव्हा चित्रे सुबक झाली, एवढ्यासाठी मी या रिमेकचे कौतुक करत नाही. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना, पहिल्यांदा जे गर्दीत उभे होते त्यांना चेहरा मिळाला, नाव मिळाले, घर मिळाले. ज्याला चेहरा असतो, त्याच्या मरणाचा हिशेब मागता येतो.

हा हिशेब कोण मांडणार, हे मात्र गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती असते. असे खेळ आता आपल्याकडेही घडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, ही त्याची कथा. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. त्यातले देव-असुर पुराणांतले आहेत. ज्याने जी गोष्ट ऐकली, ती तो सांगणार. त्यात राग मानण्याचे कारण नाही. पण पाण्याच्या रांगेची, पहाटेच्या लोकलची, गिरणी बंद पडल्यावर उभ्या राहिलेल्या घराची गोष्ट कोण सांगणार? ती ज्याने जगली, त्याच्या पोरांनीच ना?

या धंद्यात केवळ संगणकाची भाषा येणारी माणसे लागत नाहीत. कथा लिहिणारा लागतो, चित्रकार, गायक-वादक लागतो, चुका शोधणारा लागतो. आपल्या वस्तीत ही गुणी मुले नाहीत असे कोण म्हणेल?

मात्र एक सूचना. हा रिमेक लहानग्यांचा नाही. युरोपात त्यावर सोळा वर्षांवरच्यांसाठी अशी खूण आहे. वेळेचा आणि खर्चाचा लगामही पालकांनीच धरावा. पण मोठा मुलगा किंवा मुलगी खेळत असेल, तर नुसते ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, "या शहरात खाली कोण राहते? त्यांचे पुढे काय झाले?" उत्तर नीट आले, तर आणखी एक प्रश्न विचारा, "ही गोष्ट तू केली असतीस, तर कशी केली असतीस?" आणि त्याच्या हातात वही-पेन्सिल द्या.