लखनौचे बँडमास्तर

लखनौ आणि संगीत म्हटलं की मराठी माणसाला विष्णु नारायण भातखंडे आठवतात. १९२६ साली तिथं मॅरिस कॉलेज उभं राहावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वाढवलं आणि आज तेच भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्यांचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. पण याच शहरात आणखी एक संगीतकार पन्नासहून अधिक वर्षं राहिला. त्याची एक चाल आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या मैदानावर पाय आपटत गायलेली आहे आणि तरी त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. कॅप्टन राम सिंह ठाकुरी. ‘कदम कदम बढाये जा’ची चाल त्यांची.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४चा, हिमाचलातल्या धर्मशाळेजवळच्या खनियारा गावातला. गोरखा घराण्यातला मुलगा, म्हणून पलटणीत जाणं ओघानंच आलं. पोरवयातच ते पहिल्या गोरखा रायफल्समध्ये दाखल झाले आणि बँडमध्ये रमले. फौजेच्या बँडमधली तालीम कडक असते. स्वरलिपी वाचता आली पाहिजे, वाद्य वाजवताना पाय चुकता कामा नये आणि वीस-पंचवीस जणांचा श्वास एकाच ठिकाणी तुटला पाहिजे. राम सिंहांचं सगळं संगीत या शिस्तीतून आलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण मलायात गेली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे युद्धकैदी झाले. त्यांतले अनेक आझाद हिंद सेनेत गेले. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या घराण्यातले जगन्नाथराव त्या सेनेत मोठ्या पदाला पोहोचले, तसे राम सिंहही त्याच सेनेत शिरले. १९४३च्या जुलैत सुभाषबाबू सिंगापूरला आले, तेव्हा स्वागताचं गाणं बसवलं राम सिंहांनी. नेताजींनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिलं. ते त्यांनी जन्मभर जपलं.

या सेनेनं गायलेल्या ‘कदम कदम’चे शब्द अवधी कवी वंशीधर शुक्ल यांचे मानले जातात. शुक्ल लखीमपूर खीरीचे, म्हणजे लखनौच्याच मुलखातले. शब्द अवधचे, चाल एका पहाडी गोरख्याची आणि गाणारे पंजाबी, तमिळ, मराठी, बंगाली. चाल बांधणाऱ्यापुढची अडचण यातच होती. गाणाऱ्यांपैकी कुणाचाही गळा तयार नव्हता आणि अनेकांना हिंदुस्थानी नीट बोलताही येत नव्हतं. शिवाय पाठीवर ओझं घेऊन चालताना गायचं होतं. कवायतीची पावलं मिनिटाला साधारण १२० पडतात. प्रत्येक पावलावर शब्दाचा भार यावा, दम घ्यायला जागा राहावी आणि दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तोंडी बसावं, अशी ती चाल आहे. मुरक्या नाहीत, लांब ताना नाहीत. संगीताच्या जाणकारांनी अशा चालींना नेहमी खालच्या पायरीवर बसवलं. मला हे पटत नाही. मैफलीत शंभर श्रोत्यांना डोलवणारी बंदिश मोठीच, पण भाषा न कळणाऱ्या हजारो माणसांना एका लयीत चालवणारी चाल बांधायला तितकीच प्रतिभा लागते. आज आपलं सैन्यही त्या चालीवर संचलन करतं.

राम सिंहांच्या नावावर आणखी एक श्रेय चढवलं जातं आणि ते मात्र खोडून काढायला हवं. ‘जन गण मन’ची चाल त्यांची, असं अधूनमधून कुणीतरी लिहितं. ते खरं नाही. ते गीत रवींद्रनाथांचं, चालही त्यांचीच. १९११ साली काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात ते गायलं गेलं. वाद्यवृंदावर ते सप्टेंबर १९४२मध्ये जर्मनीत हांबुर्गला वाजलं, तेव्हा नेताजी अजून युरोपातच होते. पुढे आझाद हिंद सरकारसाठी त्यावर बेतलेलं ‘शुभ सुख चैन’ हे हिंदुस्थानी गीत झालं, ते बँडवर बसवण्याचं काम राम सिंहांनी केलं. एवढं काम मोठंच आहे. खोट्या श्रेयामुळे खरं श्रेयही संशयात सापडतं, हे त्यांच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावं.

युद्ध संपलं, कैद झाली, सुटका झाली. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी राम सिंहांना तेहतीस वर्षं पूर्ण झाली. पण स्वतंत्र भारताच्या सैन्यानं आझाद हिंद सेनेतल्या शिपायांना परत घेतलं नाही. ज्यांनी घरदार पणाला लावलं, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न देशानं वाऱ्यावर सोडला. हा निर्णय तेव्हाही अन्यायाचा होता आणि आजही मला तो तसाच वाटतो.

राम सिंहांना वाट मिळाली ती लखनौत. उत्तर प्रदेशाच्या सशस्त्र पोलीस दलात, म्हणजे पीएसीत, १९४८ साली ते फौजदार म्हणून रुजू झाले आणि बँड त्यांच्याकडे आला. १९७४मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. त्यांच्याविषयी लिहिणारे सिंगापूरवर पानंच्या पानं खर्च करतात आणि ही सव्वीस वर्षं एका ओळीत उरकतात. माझ्या लेखी मात्र त्यांच्या आयुष्याचा गाभा इथं आहे. खेड्यातून आलेल्या, स्वरलिपी कधी न पाहिलेल्या शिपायांना बिगुल नि क्लॅरिनेट शिकवायचं, २६ जानेवारीच्या संचलनाची तयारी करून घ्यायची आणि पगारात संसार चालवायचा. नेताजींचा संगीतकार म्हणून मिरवत ते सभा गाजवत फिरू शकले असते. त्यांनी पोरं तयार केली.

निवृत्तीनंतरही ते लखनौतच राहिले. उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीनं १९७९ साली त्यांना पुरस्कार दिला. लोक त्यांना अखेरपर्यंत कॅप्टनसाहेबच म्हणत राहिले, आझाद हिंदच्या हुद्द्यानं. १५ एप्रिल २००२ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी लखनौतच ते गेले.

येत्या १५ ऑगस्टला तुमच्या सोसायटीत किंवा मुलांच्या शाळेत ‘कदम कदम’ लागेलच. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्या: गीत वंशीधर शुक्ल, संगीत कॅप्टन राम सिंह ठाकुरी. आणि त्या दिवशी त्यांचा वाढदिवस असतो, हेही त्याला सांगायला लावा.