साखळीवाला लॅम्बटन

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत मराठी मंडळी जमली आणि विषय नकाशांवर गेला, की कुणीतरी हटकून सांगतं, ‘लॅम्बटननं बेंगळुरूतून मोजणी सुरू केली आणि एव्हरेस्ट शोधलं!’

पहिला भाग निम्मा खरा. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटननं 1800 मध्ये बेंगळुरूजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे त्रिकोणांच्या मोजणीची पहिली बाजू, मोजली. पण ती रंगीत तालीम होती. खरी सुरुवात 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ झाली. एव्हरेस्टचं तर सोडूनच द्या. त्या शिखराच्या उंचीचा हिशेब लागला 1852 च्या सुमारास. लॅम्बटन 1823 मध्येच वारला होता. लॅम्बटननंतर मोजणीची सूत्रं हाती घेणारा खुद्द जॉर्ज एव्हरेस्टही 1843 मध्ये निवृत्त झाला होता. शिखराला त्याचं नाव द्यायचं सुचवलं, ते त्याच्यानंतरचा सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यानं. सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदर धावत वॉच्या खोलीत शिरले आणि ‘सर्वांत उंच पर्वत सापडला’ म्हणाले, ही कथाही गोडच. फक्त तेव्हा सिकदर कोलकात्यात होते आणि वॉ डेहराडूनकडे.

गंमत अशी, की ज्या गोष्टी ऐकून थाप वाटावी, त्याच खऱ्या निघतात. लॅम्बटनची मोजणीची पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहासाठी नेलेल्या नजराण्यातली. तिकडे ती नाकारली गेली, म्हणून हिंदुस्थानात आली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन येणारं जहाज फ्रेंचांनी पकडलं, आणि शत्रूचं यंत्र त्यांनी मद्रासला सुखरूप पाठवून दिलं! पुढे 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळून वाकडं झालं. लॅम्बटन तंबूत बसला आणि सहा आठवडे खपून त्यानं ते पुन्हा वर्तुळाकार केलं. मला विचाराल तर शिखर सर करण्यापेक्षा ही चिकाटी मोठी. ऊन तापलं की पोलाद वाढतं, म्हणून साखळीशेजारी थर्मामीटर ठेवून मोजणारा माणूस हा!

हैदराबादहून नागपूरकडे जाताना, 20 जानेवारी 1823 रोजी, तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणार असाल, तर तिथे जरूर थांबा.