दप्तर तपासा, मुलाला उघडे पाडू नका

मा. दादाजी भुसे साहेब,
शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य



आपण मालेगावचे, आम्ही घोटीचे, जिल्हा एकच. त्यामुळे एप्रिल २०२५मधली इथल्या शाळेची बातमी आपल्या कानावर आलीच असेल. शिक्षकांनी अचानक दप्तरे तपासली आणि त्यांतून चाकू, फायटर, सायकलची चेन, पत्त्यांचे कॅट, कंडोम असे काय काय निघाल्याचे सांगण्यात आले. एरवी घोटीचे नाव निघते ते तांदळासाठी, नाहीतर कळसूबाईला जाणाऱ्यांच्या तोंडी. त्या आठवड्यात ते देशभरातल्या वाहिन्यांवर निघाले.

माझी मुलगी आठवीत आहे, म्हणून हे पत्र. दप्तरे तपासली याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. दप्तरात फायटर घेऊन येणारे पोर उद्या कुणाचे तरी डोके फोडू शकते. तसे काही घडले असते, तर 'शाळा काय झोपली होती का?' असे विचारायला आम्ही पालकच पहिले धावलो असतो. ज्या शिक्षकांनी डोळेझाक केली नाही, त्यांनी आपले काम केले.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वस्तूंची यादी घराघरांत पाठ झाली. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे कुठे वाचायला मिळाले नाही. घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावात नाव छापायची गरज पडत नाही. वर्ग कळला की मुलगा कळतो. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ने चौकशीत सापडलेल्या मुलाचे नाव, पत्ता, इतकेच काय त्याची शाळासुद्धा जाहीर करायला मनाई केली आहे. कायदा करणाऱ्यांना गाव कसे असते हे बरोबर ठाऊक होते. किराणा दुकानाच्या पायरीवर मात्र ते कलम पोहोचत नाही, म्हणून ते शाळेच्या दारातच पाळले गेले पाहिजे.

साहेब, दप्तर तपासणे म्हणजे वर्गात नेमके काय होते, ते जरा जवळून बघा. 'दप्तर उलटं कर' म्हटले की सगळ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर बाकावर सगळे ओतले जाते. तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात वह्या-पुस्तके असतात, कंपास असतो, एसटीचा पास असतो. त्याखाली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले पॅड असते, मैत्रिणीने लिहिलेली चिठ्ठी असते, कधी आकडीच्या गोळ्यांची पट्टी असते, जिच्याबद्दल तिने वर्गात कुणालाच सांगितलेले नसते. शिक्षक शोधत असतात चाकू. मुले बघत असतात ती पट्टी आणि तो कागद. तास संपेपर्यंत त्या मुलीला नवे नाव पडलेले असते आणि दहावीपर्यंत ते पुसले जात नाही.

चाकूचेही असेच. आमच्याकडे आसपासच्या पाड्यांवरून मुले येतात. शाळा सुटल्यावर परस्पर शेतावर जाऊन गवत कापायचे असेल, तर एखाद्याच्या दप्तरात विळा असू शकतो. वर्गातल्या पोराला धमकवायला आणलेला चाकू वेगळा. दोन्ही जप्त व्हावेत, शाळेत पात्याचे काही काम नाही. पण मुलाला 'हे का आणलंस?' एवढे बाजूला घेऊन विचारले, तरच दोन्हींतला फरक कळेल. आणि ज्याने भीतीपोटी चाकू आणला असेल, त्याला कुणाची भीती वाटते हे तर त्याच उत्तरातून कळणार आहे.

कंडोमवर लोक सगळ्यांत जास्त हसले. ते जवळ असणे हा गुन्हा नाही. मुलाने कुतूहलाने उचलले असेल, थट्टेसाठी आणले असेल, किंवा एखादे मोठे माणूस त्या मुलाचा गैरफायदा घेत असेल. ही तिसरी शक्यता असताना त्या दप्तराची जाहीर चर्चा करणे म्हणजे मुलाचे तोंड कायमचे बंद करणे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्याला ती कळवणे बंधनकारक केले आहे. पण माहिती कळायला मूल आधी बोलले तर पाहिजे.

तपासणीला हद्द नसली की काय होते, ते आमच्यापासून फार लांब घडले नाही. इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरला की शहापूर. तिथल्या एका शाळेत जुलै २०२५मध्ये स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून कुणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याची तक्रार झाली. पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. घोटीतली तपासणी आणि शहापुरातली तपासणी यांची तुलना होऊ शकत नाही, मी ती करतही नाही. पण दप्तर कुठे संपते आणि मुलीचे अंग कुठे सुरू होते, हे जिथे कुणीच लिहून ठेवलेले नसते, तिथे सगळा भरवसा त्या दिवशीच्या मुख्याध्यापकांच्या तारतम्यावर राहतो. शिक्षेचेही तेच. नोव्हेंबर २०२५मध्ये वसईत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांनी ती दगावली.

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५मध्ये एका मुलीच्या पर्समधल्या सिगारेटींवरून न्यायालयाने सांगितले, की शाळेला झडती घेता येईल, पण वाजवी संशय हवा आणि झडती त्या संशयाच्या बेताची हवी. २००९मध्ये दुसरे प्रकरण आले. तेरा वर्षांच्या मुलीने गोळ्या लपवल्या असतील म्हणून तिला अंतर्वस्त्रांपर्यंत तपासले होते. शाळेने हद्द ओलांडली, असा निकाल लागला. आपल्याकडे २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होतो, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मुलांच्या बाजूने बरेच काही बोलतो. कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. कलम १६प्रमाणे आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. तरीही 'उद्या दाखला घेऊन जा' ही धमकी ऐकली नाही असा पालक मला इगतपुरी तालुक्यात दाखवा. नववी-दहावीच्या मुलांना तर ते संरक्षणही नाही, आणि दप्तरात नको ते सापडायचे वय नेमके तेच. दप्तर कसे तपासावे, हे सांगणारे कलम त्या कायद्यात नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या विभागाने शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही आले, तक्रारपेटी आली, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीवर जोर आला. मुलांवर होणाऱ्या अत्याचाराचा त्यात विचार होता, आणि तो हवाच होता. आता शाळेचा स्वतःचा हात मुलाच्या वस्तूंना आणि अंगाला कसा लागावा, याचाही एक निर्णय काढा. एक पान पुरेल.

त्यात असे लिहा, की तपासणी होऊ शकते हे वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत सांगितले जाईल. दप्तर मूल स्वतः उघडेल, वर्गापासून बाजूला, दोन शिक्षकांसमोर, आणि मुलगी असेल तर त्या दोघी शिक्षिका असतील. अंगाची झडती कोणत्याही कारणाने शाळा घेणार नाही. तशीच वेळ आली तर पालकांना आणि बाल पोलीस पथकाला बोलावले जाईल. जप्त वस्तूची नोंद होईल, मुलाचे म्हणणे त्याच नोंदीत त्याच्याच शब्दांत उतरवले जाईल आणि त्याची प्रत पालकांना मिळेल. फोटो कुणी काढणार नाही, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठीसुद्धा नाही. वर्गातल्या एकाकडे चाकू सापडला म्हणून सगळ्या वर्गाला उभे केले जाणार नाही. लोकमान्यांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट दर १ ऑगस्टला आपण मुलांकडून भाषणात वदवून घेतो, तेव्हा एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

आणि समुपदेशक. घोटीसारख्या ठिकाणी प्रत्येक शाळेला एक मिळणार नाही, हे मला समजते. पण आजूबाजूच्या शाळांमध्ये मिळून आठवड्यातून एक दिवस येणारी व्यक्ती शासन देऊ शकते. दप्तरात फायटर घेऊन फिरणाऱ्या मुलाशी कुणीतरी शांतपणे तासभर बोलले पाहिजे, आणि तो तास चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारून चालणार नाही.

शासन निर्णयाचा मसुदा करताना मुंबई-पुण्याच्या शाळांबरोबर इगतपुरी तालुक्यातल्या शिक्षकांना, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनाही बोलवा. यायला आम्ही तयार आहोत. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी ते पान शाळांच्या हातात पडावे, एवढी विनंती.

कळावे,

आठवीतल्या एका मुलीची आई
घोटी, ता. इगतपुरी, जि. नाशिक