पॉइंटवाली सुट्टी विकत घ्यायची का? सही करण्याआधी हा हिशोब करा



मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी फोन आला. मांडवगण फराट्याचा आपल्या बॅचचा एक विद्यार्थी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. आवाज अगदी हळू. म्हणाला, "सर, पुण्यात एका हॉटेलात आहे. मिसेस पण सोबत आहे. सुट्टीची मेंबरशिप घ्यायला सांगतायत. चार लाखांची. आज सही केली तर पन्नास हजार कमी. दहा मिनिटांत सांगायचंय. घेऊ का?"

पेट्रोल पंपावर कुणीतरी कूपन भरून घेतलं होतं. मग "तुमचा नंबर लागलाय, जोडीने या, गिफ्ट घेऊन जा" असा फोन. गिफ्टसाठी दोघं गेले, तर अडीच तास समोर माणूस बसलेला.

मी एवढंच म्हणालो, "दोघं बाहेर या. रस्त्यावर चहा प्या. ही ऑफर उद्या राहते का ते बघू." ते बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी त्याच कंपनीचा फोन आला. तीच किंमत, वर दोन रात्री फुकट! म्हणजे "आजच" हा शब्द किती खरा होता ते कळलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या मिसेसने विचारलं, "ते नको तर नको. पण मग आपण जाणार कधी?" त्याने मला हे सांगितलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली, मोरगाव-सिद्धटेक सोडून ती कुठे गेलेली नाही. आजचा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी माझं मत

धंदा सुरू करून पाच वर्षं झाली नसतील, किंवा धंद्यावर कर्ज असेल, तर अशा योजनेत जाऊ नका. योजना खोटी असते म्हणून नाही. पॉइंटची पद्धत जुनी आहे. स्वित्झर्लंडमधली हापीमाग कंपनी १९६३ पासून या प्रकारची सुट्टी विकतेय. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ पासून आहे, महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून. २५-२५ वर्षांचं सदस्यत्व घेऊन दरवर्षी मजेत फिरणारी कुटुंबं मी पाहिलीत. प्रश्न योजना चांगली की वाईट हा नाही. प्रश्न हा आहे, की ती *तुमच्या* गल्ल्याला झेपते का?

पॉइंट म्हणजे काय, साध्या भाषेत

तुम्ही खोली विकत घेत नाही, जमीन तर नाहीच. दरवर्षी ठराविक पॉइंट मिळवण्याचा हक्क घेता. मे महिन्यातली महाबळेश्वरची मोठी खोली जास्त पॉइंट खाते, पावसाळ्यातली छोटी खोली कमी. त्यामुळे "वर्षाला सात रात्री" असं तोंडी सांगितलं, तरी त्या कुठल्या महिन्यातल्या आणि केवढ्या खोलीतल्या, हे पॉइंटच्या तक्त्यावर ठरतं. तो तक्ता कंपनी बदलू शकते का? हे करारात शोधा. तिथेच सगळी मेख असते.

आणि वार्षिक देखभाल शुल्क. ते साधारणपणे तुम्ही गेलात तरी भरायचं, नाही गेलात तरी भरायचं. वर जीएसटी वेगळा. जेवण वेगळं. गाडीचं डिझेल वेगळं.

आता वही-पेन घ्या

हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुम्हाला जे सांगितलं असेल ते घालून बघा.

सदस्यत्व ४,००,००० रुपये. तेच पैसे बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० व्याज आलं असतं. ते गेलं. वार्षिक शुल्क समजा १८,०००. दोन्ही मिळून ४६,०००. सात रात्रींना भागा: एक रात्र साधारण ६,५७० रुपयांना पडली. आणि मुद्दल २५ वर्षांनी परत मिळणार नाही, ते यात धरलेलंच नाही.

आता खरं सांगा, सात रात्री दुकान बंद ठेवाल? तीनच रात्री गेलात, तर एक रात्र १५,३०० च्या पुढे जाते. एकदाही नाही गेलात, तर १८,००० भरून घरीच बसलात.

शुल्क दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढलं तर बारा वर्षांत दुप्पट होतं. आज १८, तेव्हा ३६ हजार. तुमचा पोरगा कॉलेजला जाईल त्या वर्षी.

शिवाय आपण व्यापारी आहोत. आपला पैसा ७ टक्क्यांवर चालत नाही. चार लाखांची तांब्याची तार, बेअरिंग, स्टार्टर वर्षात चार वेळा फिरवले आणि प्रत्येक फेरीला खर्च जाऊन १० टक्के सुटले, तर तेच चार लाख १,६०,००० कमावतात. ही त्या मेंबरशिपची खरी किंमत आहे, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

हप्त्यावर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या शिरूर-दौंड भागात गिऱ्हाईक काय म्हणतं? "उसाचं बिल आलं की देतो." बिल कधी येईल ते कारखान्यालाच माहीत. म्हणजे तुमची वसुली हंगामाने येते आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. तो चुकला की तुमचं कर्जाचं रेकॉर्ड खराब होतं, आणि उद्या मशीनसाठी बँकेत गेलात की साहेब तेच रेकॉर्ड उघडून बसतात. सुट्टीच्या हप्त्यामुळे धंद्याचं कर्ज अडलं, तर काय मिळवलं?

तुमची सुट्टी कुठल्या महिन्यात येते?

हा मुद्दा कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा.

नोकरदार माणूस मे महिन्यात आणि दिवाळीत फिरतो. तेव्हा हॉटेलं महाग आणि भरलेली. अशा माणसाला आधीच राखून ठेवलेल्या खोलीचा उपयोग होऊ शकतो. आपल्या रिवाइंडिंगवाल्याचं काय? फेब्रुवारी ते मे या काळात भीमाकाठच्या मोटारी जळतात. तेव्हा तो दुकान सोडूच शकत नाही. दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुरू. त्याला उसंत मिळते ती जुलै-ऑगस्टमध्ये. आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी खोल्या रिकाम्या असतात, फोन करून भाव पाडता येतो. मग गर्दीच्या दिवसांची सोय २५ वर्षांसाठी आगाऊ कशाला विकत घ्यायची?

तुमच्या धंद्याचं असं बारा महिन्यांचं कॅलेंडर काढा. मंडपवाला, रोपवाटिकावाला, गुऱ्हाळवाला, प्रत्येकाचं वेगळं निघेल. आधी सुट्टीचा महिना ठरवा, खोलीचं मग बघू.

"सर, फिरायचं नाही, पण कमाईसाठी घेऊ का?"

हा प्रश्न मला जास्त घाबरवतो. काही जण सांगतात, "रात्री नाही वापरल्या तर पैसे वाढून परत मिळतील. चार मेंबर आणले तर कमिशन."

पॅनकार्ड क्लब्ज आठवतंय का? मुंबईची कंपनी. हॉटेलातल्या 'रूम नाइट्स' विकायची, आणि न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल असं सांगायची. सेबीने २०१४ मध्ये ही सुट्टी नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं म्हणत पैसे गोळा करायला बंदी घातली. २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार सुमारे ५१ लाख. रक्कम ७,०३५ कोटी. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या दुसऱ्या मुंबईच्या कंपनीच्या हॉलिडे प्लॅनवरही २०१५ मध्ये सेबीची तशीच कारवाई झाली. आदेश निघाले म्हणून पैसे लगेच हातात पडत नाहीत. लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसले.

अशा योजना गावात पोहोचतात त्या ओळखीच्या माणसाकडून. मामाने भाच्याला सांगितलेलं, शिक्षकाने शेजाऱ्याला. कंपनी बंद पडते तेव्हा लोक मुंबईच्या ऑफिसात जात नाहीत, ते मामाच्या दारात येतात. आणि मित्रांनो, ज्याला गावात धंदा करायचाय त्याच्याकडे गावचा विश्वास हे पहिलं भांडवल असतं. कमिशनपोटी ते घालवू नका. साधा नियम: सुट्टी विकणारा जर परताव्याचं बोलायला लागला, तर खुर्ची मागे सारा आणि उठा.

मग कुणी घ्यावी?

चार गोष्टी असतील तर विचार करायला हरकत नाही. गेली तीन वर्षं तुम्ही खरोखर दरवर्षी पाच-सहा रात्री बाहेर राहिलाय. पैसे रोख आहेत, कर्जाचे नाहीत. धंद्याचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलाय. आणि तुम्ही नसताना दुकान चालवणारा माणूस तयार आहे. चारपैकी एक जरी नसली, तर थांबा.

सही करण्याआधी एवढं लेखी मागा: करार रद्द करायला किती दिवस मिळतात? शुल्क किती वाढू शकतं, त्याला मर्यादा आहे का? न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षी जातात का? सदस्यत्व दुसऱ्याला देता किंवा विकता येतं का, आणि त्याचे किती पैसे? युरोपात ग्राहकाला १४ दिवसांत माघार घेता येते, आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे करारात लिहिलंय तेवढंच तुमचं. करार घरी न्यायला देत नसतील, तर उत्तर मिळालंच.

आधीच सही केली असेल आणि फसवणूक वाटत असेल, तर लाजून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची, तेव्हा पावत्या आणि मेसेज जपून ठेवा.

आणि वहिनींचा प्रश्न

"मग आपण जाणार कधी?" या प्रश्नाला "धंदा मोठा झाल्यावर" हे उत्तर नाही. तसं म्हणता म्हणता माणसं म्हातारी होतात. सेल्समन आपल्याला खोली विकतच नसतो मित्रांनो, तो आपल्या मनातली घरच्यांविषयीची खंत विकतो. ती खंत खरी असते, म्हणून सही होते.

मी त्या पोराला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. गल्ल्याशेजारी दुसरा डबा ठेवा, किंवा बँकेत वेगळं आवर्ती खातं उघडा. महिन्याला २,००० रुपये. खातं घरच्यांच्या नावावर, म्हणजे उधारीची तंगी आली तरी आपला हात तिथे जाणार नाही. वर्षाला २४,००० होतात. जुलैत तीन रात्री एमटीडीसीच्या भंडारदऱ्याला किंवा माळशेजला जा, पुढच्या वर्षी तारकर्ली बघा. शाळेला दोन दिवस दांडी पडली तर पडू द्या. ज्या वर्षी जमणार नाही, त्या वर्षी शुल्काची पावती येणार नाही, पैसे तिथेच राहतील.

त्याने खातं उघडलंय, पहिला हप्ता भरलाय. आणि दुकानाच्या कॅलेंडरवर जुलैतल्या तीन तारखांवर त्याच्या मिसेसने लाल पेनने गोल केलाय. त्या तारखांना दुकान बंद.

तुमच्या कॅलेंडरवर असा गोल आहे का? नसेल तर आज घरी जाऊन आधी तो करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.