भाकर दुकानाची, शब्द आपला



अर्धापुरात माझं डिजिटल बॅनरचं दुकान आहे. केळीच्या व्यापाऱ्याची पाटी, लग्नपत्रिका, पुढाऱ्याचा वाढदिवस, मयताची श्रद्धांजली, सगळं करतो. माउस फिरवला की पुढाऱ्याच्या गालावरचे डाग जातात, वय दहा वर्षांनी उतरतं. त्याचे पैसे मिळतात, चूल पेटते. लाजायचं कशाला? आपल्या बापजाद्यांना फुकट राबवलं, आपण कामाचा दाम घेतो.

मग रात्री शटर ओढल्यावर यूट्यूबचं चॅनल कशाला? पोरं विचारतात, "दादा, किती सुटतात त्यातून?"

छदाम सुटत नाही. हिशेब दुसराच आहे. दुकानात गिऱ्हाईक सांगतं ते मी छापतो. चॅनलवर गिऱ्हाईक कुणीच नाही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचीराम कांबळेंना जाळून मारलं. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. जळत्या वस्तीत तेव्हा कुणाच्या हातात कॅमेरा होता? तेव्हा विशीतल्या असलेल्या माया आज सत्तरीकडं झुकल्यात. एक माय गेली म्हंजे एक साक्षीदार गेला. म्हणून मी कॅमेरा मांडतो, माय बोलते. तिथं मी एकही डाग पुसत नाही.

ही वाट नवी नाही. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, विचार बाबासाहेबांचा. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी जाहिरात छापली नाही. पत्र 1923 मध्ये बंद पडलं. बाबासाहेब थांबले का? 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' काढलाच. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला शब्द चालत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मागल्या महिन्यात एक मोठं गिऱ्हाईक आलं. "तो व्हिडिओ काढ, नायतर बोर्डाचं काम दुसरीकडं देतो."

मी म्हणालो, "साहेब, बोर्ड तुमचा. व्हिडिओ आमचा."

काम गेलं. दोन महिन्यांचं भाडं अंगावर आलं. बायको दोन दिवस बोलली नाही. पण व्हिडिओ जागेवर आहे. धडा एकच घेतला: एका मोठ्या गिऱ्हाइकापेक्षा पन्नास छोटी बरी. भाकर एकाच्याच हातात असली की जीभही त्याच्याच हातात जाते. म्हणून चॅनलला दुकान पाहिजे, आणि दुकानात बसून गुलाम होऊ नये म्हणून चॅनल पाहिजे.

आणि भुलू नका, यूट्यूबही आपल्या बापाचं नाही. तिथला मालक उद्या खातं बंद करील. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत. घरं जळतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

नांदेड-लातूरच्या पोरांनो, मोबाइल खिशात आहेच. आज रात्री रील बघू नका. आजीसमोर बसा, बटण दाबा, आणि गप ऐका.

जय भीम.