हिरव्या ठिपक्यावर विसंबायचे कसे?



'हिरवा ठिपका आहे ना, मग मागची बाजू कशाला वाचता?' सांगलीच्या गणपती पेठेत आणि साताऱ्यात राजवाड्याजवळ, दोन्ही ठिकाणच्या दुकानदारांकडून या आठवड्यात हेच ऐकून घ्यावे लागले. म्हणून हे पत्र.

माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिथे गोचीड चावून तिला 'अल्फा-गॅल'ची ॲलर्जी जडली. अल्फा-गॅल ही गाय, शेळी, मेंढी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरातली साखर. त्यामुळे मटण बंद, जिलेटिन बंद. काही रुग्णांना तर दूधही सोसत नाही. मासे आणि कोंबडी मात्र चालते. त्रास सुरू होतो तो खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी, आणि तो जिवावरही बेतू शकतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2023 मध्ये अशा रुग्णांचा अंदाज साडेचार लाखांपर्यंत दिला.

आता ती इकडे आली तर काय खाईल, हे ठरवायला आपल्या पाकिटांवरच्या शाकाहारी-मांसाहारी खुणा पाहा. हिरव्या ठिपक्यात दूध, लोणी, खवा सारे बसते. तपकिरी त्रिकोणात मासा आणि बोकड एकाच रांगेत. म्हणजे भाचीला चालणारे तपकिरीत आणि न चालणारे हिरव्यात! ॲलर्जीकारक घटकांच्या सक्तीच्या यादीत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आहेत. दूध सोडले तर सस्तन प्राण्यांपासूनचे घटक नाहीत. जिलेटिनपुढे 'प्राणिजन्य' लिहितात, पण कोणता प्राणी? 471 क्रमांकाचा इमल्सिफायर वनस्पती तेलाचा की चरबीचा? 631 माशापासूनचा की डुकरापासूनचा? पाकिटावर नुसता आकडा.

या 631 चेच उदाहरण देत दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बजावले होते, की नुसता सांकेतिक क्रमांक पुरेसा नाही. घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हे लिहा, त्याचे प्रमाण कितीही कमी असो. आदेश होऊन वर्षे लोटली. मी पाकिटे उलटून पाहिली, आकडे तसेच आहेत.

एका भाचीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. जैन कुटुंबाला हे कळायला नको? डुकराचे वर्ज्य असणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याला? गोमांस न खाणाऱ्याला? शिवाय माण-खटाव, जत-आटपाडीच्या मेंढपाळांना गोचीड काही नवी नाही. युरोप, ऑस्ट्रेलिया, जपानातही हा आजार आढळला आहे. आपण सुटलो असे समजायचे कारण काय? इथे पहाटे अंगावर पित्त उठले की माणूस आमसूल चोळतो आणि कामाला लागतो. आदल्या रात्रीच्या मटणाशी त्याचा संबंध कोण जोडणार?

आणि जे छापतात तेही कोणत्या भाषेत? नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी पुरते; मराठी ऐच्छिक. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. पण कवठेमहांकाळच्या आजीला नातवाच्या बिस्किटात काय आहे, हे मराठीत वाचता येऊ नये? अक्षरे तर इतकी बारीक, की चष्मा लावूनही लागत नाहीत.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रत्येक प्राणिजन्य घटकापुढे प्राण्याचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर घटकांची यादी ठळक मराठीत असावी, यासाठी राज्य सरकारने केंद्राकडे आग्रह धरावा. सातारा-सांगलीच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. 

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली