आधी गोळी अलिबागेत आणा

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे जागतिक पॅलिएटिव्ह केअर दिन. तो यंदाही रीतीप्रमाणे पार पडला. बॅनर लागले, समई पेटली, ‘काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य’ या विषयावर व्याख्याने झाली. ज्यांच्यासाठी ती ठेवली होती, ती माणसे बहुतेक ठिकाणी फिरकली नाहीत. कशी फिरकणार? तेवढा वेळ घरी रुग्णापाशी कोण बसणार होते, हा प्रश्न आयोजकांपैकी कुणाला पडला नव्हता.

त्यानंतर किनारपट्टीवरून जी पत्रे आली, त्यांत नागावच्या एका आशाताईंचे पत्र आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर तेवढा सांगतो. त्यांनी लिहिलेले घर वाडीतले, मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पर्यटकांना देऊन संसार चालतो. सासऱ्यांना गालाचा कर्करोग, रेडिएशन होऊन गेलेले, आता केवळ लक्षणांवर उपचार. नाकात रायल्स ट्यूब. सून दर दोन तासांनी फीड देते, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर पसरते. वास येतो म्हणून खोल्या देणे बंद, म्हणजे मिळकतही बंद. मॉर्फिन दर चार तासांनी. झोपताना दुप्पट मात्रा, म्हणजे मध्यरात्रीचा डोस टळतो. हे सारे त्या बाईंनी नीट शिकून घेतलेले आहे.

जुलैत मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्या. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँचा बंद. रो-रो सुटेल की नाही, हे समुद्र ठरवणार. उरला रस्ता: अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल आणि मग परळ. नवरा वाडीच्या कामात अडकलेला, सून गेली तर नळीला हात लावणारे दुसरे कुणी नाही. तेव्हा घरच्यांनी काय केले? गोळ्या पुरवून वापरल्या. पहिली काटछाट झोपतानाच्या दुप्पट मात्रेवर झाली. त्यापुढचे आठ दिवस त्या घरात रात्री कुणाचा डोळा लागला नाही. अशा बाईला ताणाच्या व्यवस्थापनावर व्याख्यान द्यायला आपण निघालो होतो.

परळच्या टाटा रुग्णालयाला यात बोल लावण्यात अर्थ नाही. 1941 पासून देशभरातून माणसे तिथे येत आहेत आणि तिथला पॅलिएटिव्ह विभाग आपले काम करतो आहे. प्रश्न असा आहे, की केमो संपली, रेडिएशन संपले, बायोप्सी-स्कॅन काही उरले नाही, तरी एका पाकिटासाठी परळ का? याचे उत्तर मंत्रालयात थोडे आणि आपल्या दवाखान्यांत जास्त सापडते. एनडीपीएस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली. पूर्वीची चार-चार परवान्यांची वारी संपून राज्याच्या औषध नियंत्रकांकडून आरएमआय (मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था) म्हणून एकच मान्यता घेणे पुरेसे झाले. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, कुलपाचे कपाट, रोजची नोंदवही, वर्षाची अंदाजित मागणी आणि विवरण. एवढीच तयारी. मॅटर्निटी होमला सोनोग्राफी यंत्रासाठी याहून जास्त कागद सांभाळावे लागतात आणि ते आपण विनातक्रार सांभाळतो.

मग अर्ज का होत नाहीत? ‘मॉर्फिन म्हणजे पोलिसांची भानगड’, हे वाक्य आमच्या डॉक्टर सभासदांकडून आजही ऐकू येते. हेच सभासद ट्रामाडॉल मात्र सर्रास लिहितात. ट्रामाडॉल 2018 पासून त्याच कायद्याखाली आले आहे, हे त्यांच्या गावीही नसते. आणि रुग्ण कळवळला की डायक्लोफेनॅक टोचायचे, मूत्रपिंडाचे काय व्हायचे ते होवो. सरकारी बाजू काही फार उजळ नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा सेवांत पॅलिएटिव्ह केअर आहे, मार्गदर्शक सूचनांत गृहभेट आहे, घरच्यांना शिकवण्याचेही कलम आहे. पण वर मॉर्फिनचा साठाच नसेल, तर आशाताईंनी गृहभेटीत काय न्यायचे? पत्रक?

खर्चाचेही ऐका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे आणि ते मोठेच आहे. पण पॅकेज आहे ते रुग्णालयातल्या मुक्कामाचे. जेवण रुग्णाला. प्रवासखर्च रुग्णालयातून घरी जाताना, एकदा, रुग्णालाच. आणि तो एसटीचा किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडी येते, माणसांची गाडी अलिबागेला नाही. लाँचेचे तिकीट कुठल्या रकान्यात बसवायचे, ते विचारून पाहा. गोळ्या आणायला एकटा नातेवाईक गेला, तर त्याला रकानाच नाही. रेल्वे निदान कर्करुग्णाच्या सोबत्यालाही सवलत देते. आमच्या पत्रातल्या सुनेला 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट पडते खरे, पण ते बाई म्हणून. दोन वर्षे रुग्ण सांभाळते आहे म्हणून नव्हे.

मलप्पुरममध्ये शेजारपाजारचे स्वयंसेवक आठवड्यातले काही तास वाटून घेतात आणि परिचारिकेच्या फेऱ्यांना पंचायत पैसा पुरवते. केरळने 2008 मध्ये तसे धोरणच केले. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी घरटी गोळा करणारी मंडळे गावोगाव आहेत. त्यांना कुणी हे काम सांगून पाहिले आहे का? आम्ही आशाताईंना विचारले. नागावातली दोन पोरे रात्री आळीपाळीने बसायला तयार होती. नळीतून फीड कसे द्यायचे, हे दाखवायला कुणी आले नाही. हे दाखवायला अर्धा तास लागतो, परिचारिका भगिनींनो.

तेव्हा आता व्याख्याने पुरे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड इथल्या ज्या रुग्णालयांत खाटा आहेत, त्यांनी आरएमआयचा अर्ज डिसेंबरअखेर करावा. ज्यांच्याकडे प्रशिक्षित डॉक्टर नाही, त्यांनी एकाला या हिवाळ्यात प्रशिक्षणाला पाठवावे. समाजसेवा अधीक्षकांनी आपापल्या तालुक्यात मॉर्फिनवर असलेले रुग्ण किती आणि त्यांच्या गोळ्या कोण, कुठून आणतो, याची यादी करावी; जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवायला तोच कागद लागणार आहे. जूनमध्ये लाँचा पुन्हा बंद होतील, त्याआधी तालुक्याला एक कपाट भरलेले हवे.

अर्ज केलेल्या संस्थांची नावे मार्चच्या अंकात छापू. न केलेल्यांचीही छापा, असे एका वर्गणीदाराने सुचवले आहे. संपादक मंडळात त्यावर दोन मते आहेत. आमचे मत छापावे असे आहे.